आधी बाहेर पडायचं दार बघा

‘वेबसाइट कशात करू?’ असं एखाद्या बिगर-प्रोग्रामर माणसानं विचारलं की आम्हा इंजिनियर लोकांच्या अंगात येतं. एक म्हणतो रिअ‍ॅक्ट, दुसरा म्हणतो जँगो, तिसरा म्हणतो आता कोड कशाला, एआय पाच मिनिटांत करून देईल. विचारणाऱ्याला हवं असतं एवढंच: एक यादी, तिच्यात शोधायची सोय आणि नवी नोंद टाकायला एक फॉर्म. माझ्या मते ही तिन्ही उत्तरं चूक आहेत. हे मी उपदेश म्हणून नाही, कबुली म्हणून लिहितोय.

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गावच्या वाचनालयाची साइट केली. नऊएक हजार पुस्तकं. पीएचपी, मायएसक्यूएल, सगळं हातानं लिहिलेलं. ग्रंथपाल काकू रोज वाचनालय बंद केल्यावर तासभर बसून दाखल नोंदवहीतलं एकेक पुस्तक टाइप करायच्या. दीड वर्ष लागलं. उद्‌घाटनाला शाल-श्रीफळ मला मिळालं. काकूंना कोणी स्टेजवरही बोलावलं नाही.

पुढे मला नोकरी लागली. होस्टिंगच्या नूतनीकरणाचे ईमेल माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर जात राहिले आणि तो पत्ता कधीच बंद झाला होता. साइट गेली, डेटाबेस गेला. बॅकअप होता तो लॅपटॉप मी फॉरमॅट केलेला. काकूंचा फोन आला, “अरे, आपली साइट दिसत नाहीये. माझंच नेट गेलंय का?”

तंत्रज्ञान वाईट नव्हतं. वर्डप्रेससुद्धा २००३ पासून पीएचपी आणि मायएसक्यूएलवरच चालतंय. चूक ही की त्या साइटची किल्ली फक्त माझ्या खिशात होती. काकूंची दीड वर्षांची मेहनत त्यांना स्वतःला बाहेर काढता येईल असं एक बटणसुद्धा मी दिलं नव्हतं.

मग तयार प्लॅटफॉर्म घेतला की सुटलो? तसंही नाही. गूगलचं फ्यूजन टेबल्स नेमकं अशाच लोकांसाठी होतं. डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झालं. मायक्रोसॉफ्टनं शेअरपॉइंट ऑनलाइनवरची अ‍ॅक्सेस वेब अ‍ॅप्स २०१८ साली बंद केली. मोठ्या कंपनीचं नाव ही काही हमी नव्हे. ज्यांनी आपला तक्ता वेळेत उतरवून घेतला ते वाचले.

म्हणून माझं म्हणणं असं: ‘कशात करू’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ‘उद्या हे सोडावं लागलं तर काय घेऊन बाहेर पडता येईल?’ पहिल्याच दिवशी दहा नोंदी टाका, त्या सीएसव्हीत उतरवा आणि दुसरीकडे उघडून बघा. मराठी शाबूत आहे का? एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर अक्षरांचा चुराडा दिसला तर घाबरू नका. फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगून ती आयात करावी लागते. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलं असेल, तर तो फाँट काढल्यावर हाती भलतीच अक्षरं उरतात. आणि डोमेन, होस्टिंग, ईमेल हे सगळं संस्थेच्या नावावर हवं. हौशी भाच्याच्या तर मुळीच नको.

प्लॅटफॉर्मच्या आधी तक्ता. माझ्या साइटवर ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘देशपांडे पु. ल.’ हे तीन वेगळे लेखक होते. काकूंची यात काही चूक नाही. लेखकांची वेगळी यादी करून तिच्यातून नाव निवडायची सोय मी द्यायला हवी होती. एडगर कॉडनं १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातून आलेली साधी शिस्त हीच: एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी ठिकाणी तिच्याकडे बोट दाखवा. त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही. कागद-पेन पुरतं.

हे जमलं की गूगल शीट्समध्येही काम भागतं. एका शीटफाइलमध्ये १ कोटी खाने मावतात. नऊ हजार पुस्तकं गुणिले आठ रकाने म्हणजे जेमतेम ७२ हजार. फक्त सभासदांचे फोन नंबर त्या जाहीर तक्त्यात ठेवू नका. प्रत्येक पुस्तकाला वेगळं पान, शोध आणि वर्गवारी हवी असेल तर वर्डप्रेस घ्या. ते सर्वांत चांगलं आहे म्हणून नाही, तर ते येणारा माणूस तालुक्याच्या गावातही सापडतो म्हणून. खास ग्रंथालयांसाठीच असलेली कोहा ही मुक्त प्रणाली २००० सालापासून आहे आणि उत्तम आहे, पण तिचा सर्व्हर सांभाळणारं कोणीतरी हवं. ते नसेल तर तुम्ही माझीच चूक जास्त चांगल्या सॉफ्टवेअरवर कराल.

माझे सहकारी म्हणतात, “शीट्स म्हणजे काय डेटाबेस आहे का?” नसेल. पण माझा डेटाबेस खरा होता आणि आज तो कुठेच नाही. वाचली ती काकूंची हातानं लिहिलेली दाखल नोंदवही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही त्याच नोंदवहीवरून पुन्हा टाइप करतोय. मी, काकू आणि वाचनालयात येणारी चार मुलं, आपापल्या फोनवर. साडेतीन हजार पुस्तकं बाकी आहेत. दर १ तारखेला काकू स्वतः सीएसव्ही उतरवून पेनड्राइव्हवर घेतात आणि तो नोंदवहीच्याच कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. साइट अजून नाही. कशात करायची हे या वेळी त्याच ठरवतील.