बोट लागेल का हो?

मागच्या महिन्यात आमच्या भिशीत चहापोहे झाल्यावर एका मैत्रिणीने पेपरमधली जाहिरात पुढे केली. पांढरंशुभ्र जहाज, निळंशार पाणी, वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'दोन रात्री, तीन दिवस'. जाहिरात सगळ्यांच्या हातांतून फिरली. "या वर्षी गणपतीपुळे नको, क्रूझलाच जाऊ या," असा सूर निघाला. मग पहिली शंका आली, ती खास आमच्या वाईची. "मला पसरणीच्या घाटात एसटी लागते. मग बोट लागेल का हो?"

सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. जाहिरात बघितल्यावर दर विचारायच्या आधी आपल्या तब्येतीचा विचार करणारी ती एकटीच होती. आम्ही आमच्या वेळी नेमकं उलटं केलं, आणि त्याचा भुर्दंड माझ्या सासूबाईंना पडला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण बोटीच्या सहलीला निघालो. एजंटाने दोन प्रकार दाखवले होते. एक मुंबई-गोव्याची छोटी सहल आणि दुसरी लक्षद्वीपपर्यंतची मोठी. "थोडेच पैसे जास्त, पण ठिकाणं जास्त," असं तो म्हणाला आणि आम्हाला ते पटलं. पैसे वसूल झाले पाहिजेत ही आपली जुनी खोड. खोल्या मात्र सगळ्यात स्वस्त घेतल्या, आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या, जहाजाच्या पुढच्या टोकाला. "खोलीत बसायला कोण चाललंय?" हे आमच्या ह्यांचं म्हणणं.

सासूबाईंचं माहेर अलिबागजवळचं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती गोष्ट ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. तरी नातवंडांच्या आग्रहापुढे त्या तयार झाल्या. बंद खोलीत त्यांना सकाळ झाली की रात्र आहे हेच कळेना. रात्री तीनला उठून त्या साडी नेसून बसल्या होत्या. पण खरी गंमत लक्षद्वीपला झाली. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. जहाजातून त्या हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे गुडघे धड हवेत. सासूबाई दारापर्यंत आल्या, खाली बघितलं आणि मागे फिरल्या. "आमच्या वेळी कोकणात आगबोटीतून पडावात असंच उतरायचो गं," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा गुडघे होते." बाकीचे बेटावर गेले. आम्ही दोघी दिवसभर डेकवर बसून लांबूनच ते बेट बघितलं.

छोट्या बोटीत उतरावं लागेल, हे एजंट बोलला नव्हता. पण आम्ही तरी कुठे विचारलं होतं? दोष सगळा त्याच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं एकच आहे. बोटीची सहल निवडताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचं माप धरा. ते माणूस म्हणजे आजी असेल, दोन वर्षांचं बाळ असेल, गाडी लागणारी तुम्ही स्वतः असाल. त्या माणसाला जमेल ते बाकीच्यांना जमतंच. उलटं होत नाही.

हे माप धरलं की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. पहिली सहल छोटी हवी, दोन किंवा तीन रात्रींची. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारी घ्या, म्हणजे विमानाचा खर्च आणि दगदग नाही. २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सहली पुन्हा सुरू झाल्या आहेत, आणि बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, तिथे चालत उतरता येतं. मात्र मुरगावहून पणजी चांगली तीसेक किलोमीटर आहे. परत येण्याची वेळ दिलेली असते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. म्हणून एका दिवसात मंगेशी, शांतादुर्गा, पणजी आणि वर बाजारहाट असा बेत आखू नका. काही सहली नुसत्या समुद्रात फिरून परत येतात, कुठेही उतरायचं नसतं. ज्यांना आराम हवा आहे त्यांना ते बरंच वाटेल, मुलांचा मात्र हिरमोड होईल. बुकिंगच्या वेळीच विचारा.

ऋतूचंही बघा. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग होड्या समुद्रात घालतात, ते उगीच नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. पाऊस सरल्यावर हिवाळ्याच्या दिवसांत तो बराच शांत असतो. पहिल्या सहलीला तेच दिवस धरा.

आता बोट लागण्याचं. जहाज हेलकावतं तेव्हा टोकाच्या आणि उंचावरच्या खोल्यांत ते जास्त जाणवतं. मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या खोलीत सगळ्यात कमी. घरातल्या झोपाळ्याची कडी बघा, ती जेमतेम हलते आणि फळी मात्र केवढी जाते! तसंच हे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी डोलणं पुष्कळ कमी होतं. शक्य असेल तर खिडकीची खोली घ्या. दूरच्या क्षितिजाकडे बघत राहिलं की मळमळ कमी होते, आणि म्हाताऱ्या माणसाला दिवस-रात्र तरी कळते. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आल्याचा तुकडा जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, पण गरोदरपण, काचबिंदू किंवा रोजची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आमच्या त्या मैत्रिणीला मी एक स्वस्तातली परीक्षा सुचवली. मुंबईला जाशील तेव्हा गेटवेहून लाँचने मांडव्याला जाऊन ये, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने जा. तासाभराचा प्रवास. त्यात निभावलं तर चांगल्या ऋतूत मोठ्या जहाजावर सहसा त्रास होत नाही. हजारो रुपये भरून मग कळण्यापेक्षा हे बरं.

पैशांचं गणित जरा वेगळं असतं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा आणि दोघांनी खोली घेतल्यावरचा असतो. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि बऱ्याच कंपन्यांत दर माणशी, दर रात्रीची सेवेची रक्कम चढते. तेव्हा "सगळं धरून पाच माणसांचे एकूण किती?" असं विचारा आणि तो आकडा लिहून घ्या. तिकिटात नाश्ता-जेवण येतं, पण खास उपाहारगृहं, थंड पेयं, मालिश, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची भटकंती यांचे सहसा वेगळे पैसे पडतात. जहाजावर रोख चालत नाही. एक कार्ड मिळतं, तेच खोलीची किल्ली आणि त्याच्यावरच सगळा हिशेब. मुलांना त्या कार्डाची फार लवकर सवय लागते! त्यांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. आणि मुंबई मागे पडली की फोन विमानात ठेवतो तसा ठेवा. समुद्रात जहाजाचं नेटवर्क लागलं तर घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात.

एकट्या जाणाऱ्या बाईला बऱ्याच ठिकाणी एका खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. आमच्या मंडळात दोघी-तिघी एकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांनी आपसात जोडी करून जावं, हेच व्यवहाराचं.

बॅग भरतानाची एक गोष्ट खास आपल्या बायकांसाठी. आग लागण्याचा धोका म्हणून जहाजांवर इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांना मनाई असते. घरचे डब्यातले पदार्थही बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. माझा लाडू-चिवड्याचा डबा धक्क्यावरच राहिला. देशातल्या सहलीला मोठ्यांचं आणि मुलांचंही मूळ ओळखपत्र लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टची मुदत अजून सहा महिने तरी शिल्लक हवी. सिंगापूरहून निघून तिथेच परतणारी सहल असेल तर एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. मोठ्या बॅगा खोलीत उशिरा पोचतात, म्हणून औषधं, कागदपत्रं आणि मुलांचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. सहल संपेपर्यंत चोवीसावा आठवडा लागणार असेल तर बहुतेक मोठ्या कंपन्या गरोदर बाईला घेत नाहीत, सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी वेगळी आणि ती भारी असते. म्हाताऱ्या माणसासाठी प्रवास विमा काढाच.

कंपनी भरवशाची की नाही, हे कसं ओळखायचं? मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोट २०१८ साली वाजतगाजत सुरू झाली आणि पुढे बंद पडली. २०१९ साली आलेलं 'कर्णिका' जहाज २०२० च्या महामारीनंतर टिकलं नाही. म्हणून सहा-सहा महिने आधी सगळे पैसे भरून बसू नका. सहल रद्द झाली तर परतावा किती आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या. हवामान बिघडलं तर कप्तान एखादं बंदर गाळू शकतो, तसं अटींमध्ये लिहिलेलंच असतं. तेव्हा काय मिळेल तेही विचारा. तोंडी "होऊन जाईल ताई" म्हणणाऱ्याकडून लिहून घ्यायला लाजू नका.

सुटण्याच्या वेळी जहाजावर सुरक्षेची कवायत होते. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जगातले देश एकत्र आले आणि १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतलीच ही आताची सक्ती. बरेच लोक कंटाळत उभे असतात. माझ्या सासूबाईंनी मात्र लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे मन लावून ऐकलं आणि आपण कुठल्या बोटीजवळ जमायचं ते नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. त्या रात्री त्या शांत झोपल्या. भीती हसण्यावारी नेऊन जात नाही, नीट सांगितलं तर जाते.

शेवटी आपल्याबद्दल. सहल कुठलीही असो, घरातली बाई डबे, औषधं, ओले टॉवेल आणि "आई, माझं ते कुठंय?" यातच असते. बोटीवर स्वयंपाक नाही, रोज बॅगा भरणं नाही, गाडी पकडायची घाई नाही. बऱ्याच जहाजांवर मुलांसाठी खेळघरही असतं, वयाची अट आणि वेळा तेवढ्या विचारून घ्या. इतका आराम आयता मिळत असताना तो तुमच्या वाट्याला यावा, हेही निवडीतच धरायला हवं. आपल्याकडे पैसे भरणारा सहल ठरवतो आणि सांभाळणारीला ती नंतर कळते. या वेळी एजंटापुढे तुम्हीही जाऊन बसा. आजीच्या गुडघ्यांची आणि बाळाच्या दुधाची चौकशी तुम्हीच कराल, दुसऱ्या कुणाला ती सुचणार नाही.

भिशीतून घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, बायका विचारतायत, तुम्ही काय सांगाल? जरा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, पैसे भरायच्या आधी विचारा म्हणावं, धक्क्यावर उतरवणार की पडावात. आणि मला विचारशील तर गोव्याच्या बोटीला मी अजून येईन. पण खिडकीची खोली घे."

दिवाळीनंतरच्या तारखांची चौकशी मी सुरू केली आहे. या वेळी दर सगळ्यात शेवटी विचारणार आहे.