दारू न पिणाऱ्या बाईचे यकृत

यकृताचा आजार म्हटला की डोळ्यांसमोर दारुडा नवरा येतो. बाईलाच तो झाला तर? रुग्णालयात काम करताना, कागदावरचा ‘सिऱ्हॉसिस’ हा शब्द वाचून सासरच्या माणसांनी सुनेला ‘चोरून घेतेस काय?’ असे विचारलेले मी ऐकले आहे. तिने आयुष्यात थेंबही घेतलेला नव्हता.

तिचा आजार होता पीबीसी. यात शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवरच उलटते. पित्त साचत राहते आणि वर्षानुवर्षांनी यकृत निबर होते. दारूचा याच्याशी संबंध नाही. तरीही आजाराच्या नावातच ‘सिऱ्हॉसिस’ होता, आणि निदानाच्या वेळी अनेकींना सिऱ्हॉसिस झालेलाही नसतो! शेवटी रुग्णांनीच आवाज उठवला आणि २०१५ मध्ये तो शब्द जाऊन ‘कोलँजायटिस’ आला. आपल्याकडे कित्येक कागदांवर अजून जुनेच नाव पडते. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी त्या सुनेला भेटावे.

युरोप-अमेरिकेत लाखामागे साधारण २० ते ४० जणांना पीबीसी असतो. त्यांतल्या दहापैकी आठ-नऊ बायका, बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. आपल्याकडे तो दुर्मीळ समजतात. असेलही इथे कमी. पण जे शोधलेच जात नाही ते दुर्मीळच दिसणार. पहिली लक्षणे कोणती, तर थकवा आणि खाज. चाळिशीतल्या बाईच्या थकव्याला कोण विचारतो? ती स्वतःच अंगावर काढते. दवाखान्यात गेलीच तर पाळी जायचे वय, रक्त कमी, ‘तुम्ही टेन्शन फार घेता’ ही उत्तरे तयार असतात. खाजेवर मलम मिळते. पुरळ नसताना सुटणारी, तळहात-तळपायांना जास्त, रात्री वाढणारी खाज आठवडेच्या आठवडे असेल, तर रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज तपासावे. ते वाढलेले असेल तर एएमए ही प्रतिपिंडांची तपासणी करावी. या तपासणीचा उपयोग १९६५ मध्येच दाखवून दिला गेला, आणि तो दाखवणाऱ्या चौघांत डेबोरा डोनिआक व शीला शेरलॉक या दोन स्त्रिया होत्या. शिबिरात सरसकट सगळ्यांचे रक्त तपासा असे मी म्हणत नाही, तो पैसा वाया जाईल. तक्रार घेऊन आलेल्या बाईचे नीट ऐकून घ्या, एवढेच. तिच्या बहिणी-मुलींनाही विचारा, कारण त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

उपचार आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, वजनाच्या दर किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या बाईला रोज ६५० ते ७५० मिलिग्रॅम. वेळेवर सुरू केले तर आजाराची चाल मंदावते. थकवा आणि खाज मात्र त्याने फारशी जात नाही. खाजेसाठी कोलेस्टिरामिन, रिफॅम्पिसिन अशी वेगळी औषधे द्यावी लागतात. दहातल्या तीन-चार जणींना अर्सो पुरेसे पडत नाही. अमेरिकेत त्यांच्यासाठी २०२४ मध्ये एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपार या दोन नव्या औषधांना मंजुरी मिळाली.

पण माझी काळजी जुन्या गोळीचीच आहे. ती जन्मभर घ्यायची असते. घेतली म्हणून बरे वाटत नाही, सोडली म्हणून लगेच काही बिघडत नाही. महिनाअखेरीस पैसे आटले की मुलाची फी भरली जाते, सासूबाईंच्या रक्तदाबाची गोळी येते, आणि हिची ‘पुढच्या महिन्यात बघू’ होते. बहुतेकदा असे ठरवणारीही तीच असते. सरकारी विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. रोज घरी घ्यायच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही. सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ती फुकट मिळायला हवी, ही मागणी आपल्या संघटनांनी आरोग्यखात्याकडे लेखी नेली पाहिजे.

कारण यकृत निकामी झाल्यावर उरते प्रत्यारोपण. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष.