देवघरातील कंपनीचे नाणे

१८१८ हे साल मराठी माणसाला विसरता येत नाही. त्या वर्षी पेशवाई बुडाली. नेमके हेच साल कोरलेली ईस्ट इंडिया कंपनीची ‘नाणी’ मी अनेकांच्या देवघरात पाहिली आहेत. एका बाजूस रामदरबार, दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. तिच्या मुंबईकडील तांब्याच्या पैशावर तराजू व फारसी लिपीत ‘अदल’ हा शब्द असे. तरीही जत्रेत हा माल ‘दुर्मीळ’ म्हणून खपतो, आणि घेणारा बहुधा पोटाला चिमटा काढून पैसे मोजतो.

राममूर्ती धातूवर उठवून पुजण्यास माझी हरकत नाही. रामटंके पूर्वीही होतेच. पण ते पूजेसाठी घडवलेले, चलन असल्याची बतावणी त्यांनी केली नाही. माझा आक्षेप नकलेला नाही, तिला अस्सल म्हणवण्याला आहे.

उलट तांब्याची शिवराई घ्या. ठशापेक्षा चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे क्वचितच पुरती सापडतात. पेशवाईतही ती पाडली जात होती, म्हणून फारशी दुर्मीळ नाही, भावही बेताचाच. पण तिने कुणाच्या तरी घरी मीठमिरची आणलेली आहे. आमचे मित्र मात्र मुलामा दिलेल्या होनाच्या प्रतिकृतीपुढे तिला ‘झिजकी’ म्हणतात! झिजणार नाही तर काय?

आपल्या इतिहास मंडळाने ही तिन्ही शेजारीशेजारी मांडून एक प्रदर्शन भरवावे. प्रतिकृतीखाली ‘प्रतिकृती’ असे ठळक लिहावे, आणि १८१८ च्या नाण्याखाली काय लिहायचे ते प्राध्यापकांनी न कचरता ठरवावे.