बाहुली, फ्रीज आणि दुधाची जागा

इब्सेनचे ‘डॉल्स हाउस’ (१८७९) शिकवताना नोरा ज्या दारातून निघून जाते त्या दाराशी आम्ही दरवर्षी थांबतो. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे हे नाट्य मराठी वाचकालाही परके नाही. परंतु बाहुली खरोखरच बाहुली असेल, तिला निघून जाताच येत नसेल, तर? हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो लॉरी सिमन्स या अमेरिकन छायाचित्रकर्तीने.

१९४९ साली जन्मलेल्या सिमन्स न्यूयॉर्कच्या उपनगरात वाढल्या. १९७६ पासून त्या बाहुलीघरातील खेळणी मांडून छायाचित्रे घेऊ लागल्या. बाहुली म्हणजे परावलंबी गृहिणी, हा त्यांवरचा रूढ अभिप्राय. तो चुकीचा नाही. पण तो फार लवकर हाती येतो आणि मग चित्र पाहणेच थांबते. (विद्यार्थ्यांना दोष कसा द्यावा? टिपणे आम्हीच तशी देतो.)

१९७९ची दोन छायाचित्रे पाहा. दोन्हींत बाहुली फ्रीज उघडते आहे. मराठीत सांगायचे तर एकाचे शीर्षक ‘फ्रीज उघडणारी स्त्री / दूध उजवीकडे’, दुसऱ्याचे ‘फ्रीज उघडणारी स्त्री / दूध मध्यभागी’. स्त्रीला नाव नाही. दुधाच्या जागेची मात्र नोंद आहे. घरकामाच्या पुनरावृत्तीवर पानेच्या पाने लिहिली गेली, परंतु ती इतक्या कोरडेपणाने क्वचितच कुणी मांडली असेल.

आणि तरीही ही चित्रे देखणी आहेत, हीच अडचण आहे. त्यांच्या रंगांत १९५०च्या दशकातील अमेरिकन जाहिरातींचा मोह आहे आणि सिमन्स तो लपवीत नाहीत. मनापासून भातुकली खेळलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. ही चित्रे निव्वळ निषेध म्हणून वाचली तर हा मोह हिशेबातून गळतो. मग त्या घराने बायकांना इतका काळ धरून कसे ठेवले, हे कळायचे कसे?

१९८९च्या ‘चालते घर’मध्ये बाईचे केवळ पाय उरले आहेत, वर अख्खे घर. (लुईझ बूर्ज्वा यांनी १९४०च्या दशकातच स्त्रीदेहावर घर चढवले होते, पण तिथे बाई पुष्कळ शिल्लक होती.) नोरा घर मागे टाकून जाते. हे पायही निघालेले दिसतात, पण घर घेऊनच.

यापुढे नोराचा शेवट आणि हे चित्र एकाच तासाला शिकवायचे आम्ही ठरवले आहे.