वऱ्हाडातल्या उन्हात ड्रायर कशाला? ऑल-इन-वन वॉशर-ड्रायर घेण्याआधी हा हिशोब करा

मे २०२४ मध्ये अकोल्यात ऊन इतकं तापलं की जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलाव्या लागल्या. अशा उन्हात गच्चीवरच्या दोरीला टाकलेली चादर वाळायला किती वेळ लागतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

पण जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की चित्र पालटतं. तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात, जीन्स दोन दिवस ओलसर राहते आणि शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो. नेमक्या याच दिवसांत एकाच मशीनमध्ये कपडे धुऊन, वाळवून बाहेर काढणाऱ्या ऑल-इन-वन वॉशर-ड्रायरची जाहिरात मोबाइलवर दिसते.

अकोला-अमरावतीतल्या घराने हे मशीन घ्यावं का? उत्तर शोधताना आपण पाऊस आणि किंमत पाहतो. पाणी मात्र हिशोबातून राहून जातं.

‘ड्रायर’ म्हणजे नेमकं काय?

पहिला घोळ नावातच आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला आपल्याकडे सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. तो टब कपडे गरगर फिरवून पाणी पिळून काढतो, कपडे पूर्ण वाळवत नाही. फुली ऑटोमॅटिक मशीनमधलं ‘स्पिन’ हेच काम करतं.

वॉशर-ड्रायरमध्ये याच्या पुढचं काम होतं. पिळून झाल्यावर ड्रममध्ये गरम हवा फिरते आणि कपड्यांतलं उरलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. त्यामुळे दुकानात ‘ड्रायर आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘गरम हवेने पूर्ण वाळवतं का?’ असं विचारा.

दुसरी गोष्ट क्षमतेची. मशीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेले किलो धुण्याचे असतात. वाळवण्याची क्षमता त्याहून कमी, बहुतेक वेळा निम्मी ते दोन तृतीयांश असते, कारण गरम हवा खेळायला ड्रममध्ये मोकळी जागा लागते. म्हणजे आठ किलो कपडे एकदम धुतले, तरी वाळवताना त्यातले काही बाहेर काढावे लागतात. धुण्यापासून वाळवण्यापर्यंतचं पूर्ण चक्र चार-पाच तास सहज घेतं.

वाळवायला पाणी कशाला?

कपड्यांतून निघालेली वाफ कुठेतरी जायला हवी. बहुतेक वॉशर-ड्रायरना हवा बाहेर सोडणारा पाइप नसतो. मशीन ती वाफ आतच थंड करून तिचं पुन्हा पाणी करतं आणि ते नळीवाटे सोडून देतं. वाफ थंड करण्यासाठी अनेक मॉडेल नळाचं थंड पाणी वापरतात. म्हणजे धुण्याचं पाणी वेगळं आणि वाळवण्याचं आणखी वेगळं. काही मॉडेलमध्ये हे पाणी काही बादल्या भरेल एवढं होतं.

पाणी न वापरता हवेने वाफ थंड करणारी मॉडेलही आहेत. हीट पंप असलेली मशीन तर तीच उष्णता पुन्हा वापरतात, त्यामुळे वीजही बरीच कमी लागते. मात्र ती महाग असतात.

अकोला-अमरावतीत हा मुद्दा मोठा का?

अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी मिळतं. नळ रोज येत नाहीत, दोन पाळ्यांमध्ये काही दिवसांचं अंतर असतं आणि घराचा कारभार टाकीवर चालतो. अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं. तिथेही साठवणुकीशिवाय भागत नाही. जूनअखेर किंवा जुलैत झड लागते, तेव्हा आभाळ ओलं असतं, पण धरण अजून भरायचं असतं.

त्यात खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारं आहे. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांनी हाच प्रश्न घेऊन अकोल्याहून नागपूरकडे संघर्ष यात्रा काढली होती.

मशीनला बोअरचं खारं किंवा जड पाणी दिलं तर साबणाला फेस येत नाही, पाणी तापवणाऱ्या हीटरवर क्षारांचा थर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकतात. साध्या मशीनलाही हा त्रास होतो. पण ऑल-इन-वनमध्ये एक भाग बिघडला की धुणं आणि वाळवणं दोन्ही एकदम बंद पडतं.

विजेचं बिल किती वाढेल?

चार किलो सुती कपडे चांगले पिळले तरी त्यांत साधारण दोन लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते. म्हणजे कमीत कमी १.३ युनिट. हवा, ड्रम आणि मशीन तापण्यात जाणारी वीज धरली तर साध्या हीटरच्या मशीनला एका खेपेसाठी अडीच-तीन युनिट धरून चालावं.

युनिटला १२ रुपये धरले, तर तीन युनिटचे ३६ रुपये होतात. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या पुढे वाढत जातात, त्यामुळे हे जादा युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यात मोजले जातात.

आता किंमत. साध्या फ्रंट लोडपेक्षा वॉशर-ड्रायर समजा २० हजारांनी महाग पडलं. वर्षातल्या ६० झडीच्या दिवसांत दिवसाआड वापरलं तर ३० खेपा, दहा वर्षांत ३००. खेपेला सुमारे ६७ रुपये किमतीचे आणि ३६ विजेचे, म्हणजे १०० रुपयांच्या वर. हेच मशीन वर्षाला २०० खेपा चाललं तर खर्च ४६ रुपयांवर येतो.

याउलट घरात स्टँडवर कपडे टाकून ७५ वॉटचा पंखा आठ तास चालवला तर ०.६ युनिट लागतं, म्हणजे सात रुपयांच्या आसपास.

आणि जीएसटी? सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि डिशवॉशरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वॉशिंग मशीनवर तो जुलै २०१८ पासूनच १८ टक्के आहे.

मग हे मशीन कुणासाठी?

हिशोब फक्त रुपयांचा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातल्या घरकाम करणाऱ्या महिलांची दिवसाला ३०५ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. २०१९ मध्ये ती ३१५ होती. ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेणं, पाऊस आला की धावत कपडे काढणं, हे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं.

म्हणून गच्ची किंवा ऊन येणारी बाल्कनी नसलेला फ्लॅट, जिने चढू न शकणारे ज्येष्ठ, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर हा खर्च चैन ठरत नाही. हाताशी गच्ची असेल आणि अडचण फक्त झडीपुरती असेल, तर जास्त वेगाने पिळणारं, १,४०० आरपीएमचं साधं फ्रंट लोड, स्टँड आणि पंखा पुरेसा आहे.

दुकानात हे विचारा

- वाळवताना पाणी लागतं का? एका खेपेला किती लिटर?
- वाळवण्याची क्षमता किती किलो?
- धुणं आणि वाळवणं मिळून किती युनिट, किती तास?
- १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि चांगलं अर्थिंग लागेल का?
- सर्व्हिसचा माणूस अकोला-अमरावतीतच आहे, की नागपूरहून येणार?

युरोपात २०२१ पासून वॉशर-ड्रायरच्या लेबलवर फक्त धुण्याचे आणि धुऊन-वाळवण्याचे आकडे वेगवेगळे छापावे लागतात. वीज, पाणी, किलो आणि वेळ, सगळं. हेच आकडे इथल्या दुकानदाराकडे मागा. तो पहिल्याच प्रश्नाला अडला, तर माहितीपुस्तिका हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.