सलाईनची बाटली आणि गटारातला पाइप

गेल्या पावसाळ्यात माझ्या खालाच्या गल्लीत चार दिवसांत सतरा जणांना जुलाब लागले. रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो आला. खालाचा नातू, वय नऊ, दवाखान्याच्या बाकावर बसलेला, हाताला सलाईन. खाली खालूंचा मेसेज: ‘डॉक्टर म्हणतात तीन बाटल्या लागतील.’ पोरगा शुद्धीवर होता, पाणी मागत होता. ते मात्र कुणी देत नव्हतं, कारण ‘पाणी दिलं की जुलाब वाढतात’.

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हे वाक्य माणसं मारतं, आणि आपल्या शिकलेल्या घरांतही ते चालतं.

हैजा म्हणा, पटकी म्हणा, कॉलरा म्हणा. त्याचा जंतू आतड्यात विष सोडतो. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावर हे दाखवून दिलं. या विषामुळे आतडं क्षार आणि पाणी बाहेर ओतत राहतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, कधी तासाला लिटरभर. धडधाकट माणूस काही तासांत जातो, आणि जातो तो कोरडा पडून. पण एक दरवाजा या विषाला बंद करता येत नाही. साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आलं की आतडं दोघांना आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएस म्हणजे एवढंच.

1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत बनगावला कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिशव्यांत भरून आणला, पिंपात कालवला आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पुढे 1980 च्या दशकात बांगलादेशात ब्रॅकच्या बायका दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी हे एकेका आईकडून करून घेतलं. त्यातल्या कितीतरी आया निरक्षर होत्या. आपण बी.ई., एम.सी.ए. झालेले, आणि आपल्याला बाटली लटकल्याशिवाय इलाज झाला असं वाटत नाही.

सलाईनला जागा आहेच. रुग्ण सुस्त पडला, डोळे खोल गेले, नाडी लागत नाही, पिता येत नाही, तर तासही न दवडता सरकारी रुग्णालयात न्या. तिथे शिरेतूनच पाणी द्यावं लागतं. पण वाटेतही तोंडाने देता येईल तेवढं द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. तान्ह्याचं दूध तोडू नका.

आता दुसरा राग. वॉर्ड ऑफिसात मला ऐकवलं, ‘तुमची वस्तीच घाण.’ हा आरोप जुना आहे. 1865 च्या साथीनंतर पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बोट हाजींकडे गेलं. आज जगभर फिरणाऱ्या कॉलऱ्याच्या जंतूला ‘एल टोर’ म्हणतात. हे नाव सिनाईतल्या क्वारंटाइन ठाण्याचं, जिथे हाजींना अडवून तपासत. ही साथ निघाली 1961 मध्ये इंडोनेशियातून, नाव मात्र तेच चिकटलं.

घाण कुठे आहे ते मी सांगतो. खालाच्या गल्लीत दिवसाआड दोन तास पाणी येतं. बाकी वेळ पाइप रिकामा, आत दाब नाही. तो गटारातून गेलाय आणि सांधे गळके आहेत. दाब उतरला की गटार आत ओढलं जातं आणि पाणी सुटलं की पहिल्या हंड्यात येतं. झाडू कितीही मारा, हा सांधा खालाच्या हातात नाही. तो महापालिकेच्या हातात आहे.

आणि आपण काय करतो? पाणपोई बांधतो, वर मरहूमचं नाव लावतो. छान. पण त्या कूलरची लाइन कुठून आली, हे विचारलंय कधी? वुझूच्या पाण्याबद्दल आपण केवढे काटेकोर, आणि पिण्याचं पाणी नशिबावर!

नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. खालाच्या नळाला मी तीन सकाळी थेंब टाकले. तिन्ही वेळा पाणी पांढरंच राहिलं.

नातू बरा आहे. तिन्ही बाटल्यांचे पैसे खालूंनी उसने घेऊन भरले. वॉर्डातल्या पाण्याच्या नमुन्यांचे वर्षभराचे रिपोर्ट मी माहिती अधिकारात मागितलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि एक पान लागलं, उत्तराची मुदत तीस दिवस. तुमच्या गल्लीचा अर्ज तुम्ही टाका, मसुदा मी देतो.