उमापूरच्या गिऱ्हाइकाला कोणी विचारले?

२०२५ सालच्या फेब्रुवारीत भारती एअरटेल या दूरसंचार कंपनीने शेअरबाजाराला कळवले की, आपला उपग्रह-दूरचित्रवाणीचा व्यवसाय आणि टाटा प्ले यांच्या एकत्रीकरणासंबंधी टाटा समूहाशी बोलणी चालू आहेत. ३ मे रोजी तिनेच कळवले की, समाधानकारक तोडगा न निघाल्यामुळे बोलणी थांबवली आहेत. मधल्या दोन महिन्यांत शेअरबाजाराने आपली प्रतिक्रिया दिली, दलालांनी दिली, वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांनी दिली. ज्यांच्या छपरावरच्या छत्र्यांचा हा सौदा चालला होता, त्यांचे मत मात्र कोणी मागितले नाही. देशात पैसे आकारून ही सेवा देणाऱ्या कंपन्या उरल्या आहेत चारच, आणि त्यांचे निम्म्याहून अधिक वर्गणीदार या दोघींकडे आहेत. सौदा फिसकटला म्हणून विषय संपला असे समजण्याचे कारण नाही. आज ना उद्या तो पुन्हा मांडला जाईल, कदाचित दुसऱ्या नावांनी.

या प्रश्नाकडे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून न पाहता बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावातून पाहिले, तर त्याचे स्वरूप वेगळे दिसते. गेवराई तालुक्याच्या या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता सहा-सहा महिने कारखान्यांच्या फडात राबतो. मागे गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली मुले. कित्येक घरांना तर कुलूपच लागते. कंपनीचा पॅक महिन्याच्या हिशेबाने संपतो, ऊसतोडकऱ्याची कमाई हंगामाच्या हिशेबाने येते. कुलूपबंद घरावरची छत्री वैशाखापर्यंत काहीही पकडत नाही, आणि ज्या घरात म्हातारी एकटी असते त्या घरात महिन्याचे दोनअडीचशे रुपये कोठून आणायचे हा प्रश्न असतो. तिकडे कोपीत बसलेला तिचा मुलगा मोबाईलवर गावाची खबर घेतो. त्या मोबाईलचे दर २०२४ च्या जुलैत बड्या खाजगी कंपन्यांनी चार-दोन दिवसांच्या अंतराने वाढवले. घरचा दूरदर्शन संच आणि फडातला मोबाईल ही दोन्ही एकाच मालकाकडे गेली, तर या कुटुंबाच्या हाती घासाघीस करायला उरते काय?

येथे आपल्याच काही साथींशी मतभेद नोंदवणे आवश्यक आहे. पाण्याचा टँकर, रोजगार हमी, उसतोडीचा दर हे सोडून छत्रीचे आणि मालिकांचे काय घेऊन बसलात, असा सूर शिबिरांतून ऐकू येतो. दूरचित्रवाणी ही चैन आहे, असे म्हणण्याची चैन शहरात राहणाऱ्यालाच परवडते. ज्या गावात संध्याकाळी करमणुकीचे दुसरे साधन नाही, तेथे ती म्हातारीची सोबत आहे आणि हवामानाची बातमीही तिच्यावरूनच कळते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक संच बसवले गेले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण गुलबर्गा, रायचूर हे जुन्या निजामी मुलखातले आपले शेजारी जिल्हे होते. उपग्रह भारतात प्रथम आला तो खेड्याच्या चावडीसाठी. तो बाजारात नंतर गेला.

मालक बदलला की गिऱ्हाइकाचे काय होते, हे मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. व्हिडिओकॉन हा औरंगाबादच्या धूत घराण्याचा उद्योग. गोदावरीपलीकडे पैठण रस्त्यावरच्या चितेगावात त्याचा कारखाना. या समूहाने २००९ मध्ये उपग्रह-दूरचित्रवाणी सुरू केली. २०१६ च्या नोव्हेंबरात ती डिश टीव्हीत विलीन करण्याचे जाहीर झाले आणि २०१८ च्या मार्चमध्ये ते पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. दूरसंचारात उतरलेल्या अनिल अंबानींच्या रिलायन्सने २००८ मध्ये सुरू केलेली बिग टीव्ही २०१७ च्या अखेरीस दुसऱ्याला विकायला काढली. आज त्या चार कंपन्यांच्या यादीत तिचे नाव नाही. वर्गणीदारांनी पैसे मोजून घेतलेले तिचे डबे घराघरांत अडगळ झाले. बैल विकताना निदान दावे कोणाच्या हातात द्यायचे ते तरी पाहिले जाते. येथे लाखो घरांचे हस्तांतर एका करारपत्राच्या परिशिष्टात होऊन जाते.

खरी मेख या डब्यात आहे. मोबाईलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ च्या जानेवारीपासून देशभर आहे, आणि तिचा उपयोग लोकांनी भरपूर केला. सेट टॉप बॉक्सचे तसे नाही. एका कंपनीचा डबा दुसरीच्या सेवेला चालत नाही. कंपनी बदलायची म्हणजे नवा डबा घ्यायचा, कारागिराला बोलावून छत्री फिरवून घ्यायची आणि जुना डबा माळ्यावर टाकायचा. नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२० च्या एप्रिलमध्ये शिफारस केली की प्रत्येक डबा कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालला पाहिजे. कंपन्यांनी तांत्रिक अडचणी पुढे केल्या, सरकारने त्या ऐकून घेतल्या. गिऱ्हाईक ज्या खुंट्याला बांधलेले आहे, तो खुंटा उपटला गेला तर कंपनीला विकायला किंमत येणार कशाची?

मक्तेदारीविरोधी कायदा १९७० साली अंमलात आला, तेव्हा आर्थिक सत्ता मोजक्यांच्या हाती एकवटणे हाच त्याच्या चिंतेचा विषय होता. राज्यघटनेच्या ३९ व्या कलमातील मार्गदर्शक तत्त्व त्याच्या मागे उभे होते. २००९ मध्ये तो रद्द झाला. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात जनतेच्या हरकती मागवण्याची तरतूद आहे. पण आयोगाला सौद्यात प्रथमदर्शनी धोका दिसला तरच ती वापरायची. उमापूरचे गिऱ्हाईक आयोगाला दिसावे कसे? वास्तविक ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले आहे की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालपत्राच्या लेखकांपैकी एक न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता लोकांची आहे असे मानायचे आणि तिचे वहिवाटदार बदलताना लोकांना वगळायचे, ही विसंगती न्यायालयाच्या ग्रंथालयात पडून राहिली आहे.

परदेशी अनुभवाने डोळे उघडायचे, तर अमेरिकेत एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने २०१५ मध्ये डायरेक्टटीव्ही ही उपग्रह-दूरचित्रवाणी सुमारे ४८.५ अब्ज डॉलरना घेतली. वर्गणीदार लाखालाखाने सोडून गेले. २०२१ मध्ये ती वेगळी काढताना तिचे मोल १६ अब्जांच्या आसपास ठरले. अमेरिकन गिऱ्हाइकाने सभा घेतली नाही की मोर्चा काढला नाही.

आपल्याकडेही प्रतिक्रिया उमटते आहे, फक्त ती मुकी आहे. पैसे भरून ही सेवा घेणारी घरे ट्रायच्या हिशेबाने २०२४ च्या मार्चअखेर सुमारे ६.२ कोटी होती. वर्षभरात ती सुमारे ५.७ कोटींवर आली. काही घरे मोबाईलकडे आणि इंटरनेटकडे वळली. पण खेड्यातली अनेक घरे दूरदर्शनच्या फ्री डिशकडे वळली आहेत. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला छत्री आणि डबा एकदा घेतला की मासिक पैसे पडत नाहीत; हंगामाला गेलेल्या घराला ती परत आल्यावर जशीच्या तशी सापडते. ती सार्वजनिक आहे म्हणून निर्धोक आहे, असे मात्र नाही. १ मार्च २०१९ रोजी बड्या खाजगी जाळ्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या तिच्यावरून काढून घेतल्या आणि फुकट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर एका रात्रीत पोकळी झाली.

रिचार्ज न करणे हे ज्याचे एकमेव मतदान आहे, त्याला अधिक काही देता येईल का? येते. त्यासाठी नवा कायदाही नको. उपग्रह-दूरचित्रवाणीच्या परवान्याच्या २००१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतच अट आहे की, डबा खुल्या रचनेचा असावा आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवांना चालावा. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने हे परवाने वीस वर्षांचे केले आणि परवानाशुल्क १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणले. सवलत देताना जुनी अट पाळली का, हे विचारण्याची ती वेळ होती. ते विचारले गेले नाही. कोणताही पुढचा सौदा मंजूर होण्यापूर्वी ही अट प्रत्यक्षात आली पाहिजे आणि हरकती तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून ऐकल्या गेल्या पाहिजेत, असे निवेदन माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे ग्रामसभांच्या ठरावांनिशी गेले पाहिजे. ठराव टोळ्या निघण्यापूर्वी व्हावेत. दिवाळीनंतर सह्या करायला गावात माणूस नसतो.